आण्णांच्या बॅटरीत लिथियम सेल बसवला, त्याला आठ महिने झाले

आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. त्यामुळे "बॅटरीची बॅटरी गेली" हे घरात वर्षातून दोनदा तरी ऐकू यायचं, आणि प्रत्येक वेळी तीन-चारशे रुपये मोडून नवीन टॉर्च यायचा. गेल्या दिवाळीच्या आधी मी ठरवलं की आता नवीन आणायचा नाही, हाच नीट करायचा. तेव्हापासून काय काय केलं आणि ते किती टिकलं, ते लिहिते.

टॉर्च म्हणजे पट्ट्यानं खांद्याला अडकवायचा, मोठ्या वाटीएवढ्या तोंडाचा, घरच्या प्लगवर चार्ज होणारा. आत ४ व्होल्ट, दीड अँपिअर-तासाची सीलबंद शिशाची बॅटरी. आमचा ऊस आहे, सांगली जिल्ह्यात. शेतीच्या विजेच्या फीडरवर एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आण्णा दीड-दोन वाजता दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला निघतात ते उजाडल्यावर येतात. उसात घोणस निघते. पाय टाकायच्या आधी सरीत उजेड पडलाच पाहिजे. तासाभरात मंद होणारा टॉर्च घेऊन वडील उसात जातात, हे मला बघवत नव्हतं.

आधी जुनीच बॅटरी जगवून बघितली. वरची प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली असते, ती पातळ सुरीनं उचकटली. खाली दोन काळ्या रबरी टोप्या, ४ व्होल्ट म्हणजे दोन खाने, म्हणून दोन. टोप्या काढून आत बघितलं तर प्लेटांमधली पांढरी काचेच्या धाग्यांची गादी कोरडी ठणठणीत. ओलीचा मागमूस नाही. इंजेक्शनच्या सिरिंजनं डिस्टिल्ड वॉटर थेंबथेंब सोडलं, प्रत्येक खान्यानं साधारण चार मिली पाणी पिऊन घेतलं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा, आत गंधकाचं आम्ल असतं.

रात्रभर चार्ज केल्यावर व्होल्टमीटरनं ४.१ दाखवलं आणि मी खूश झाले. टॉर्च लावल्याबरोबर काटा ३.३ वर. पहिल्या दिवशी ३५ मिनिटं चालला, तिसऱ्या दिवशी ४०, आणि पंधरवड्यानं १५. नुसतं ठेवल्यावरचं व्होल्टेज बघून शिशाची बॅटरी चांगली समजू नका, लोड टाकून, म्हणजे दिवा लावून बघा.

ती मेली कशानं, हे टॉर्चचा चार्जिंगचा भाग उघडल्यावर कळलं. आत ट्रान्सफॉर्मर नाही, एक कपॅसिटर आणि चार डायोड. बॅटरी भरली की चार्जिंग बंद करणारं काहीच नाही. आण्णा जेवण झालं की प्लगला लावायचे ते सकाळी चहाला काढायचे. भरलेल्या बॅटरीत करंट जात राहिला की पाण्याचा वायू होतो, रबरी टोप्यांमधून उडून जातो, गादी वाळते. आणि पावसाळ्यात दारं धरायची नसतात तेव्हा तोच टॉर्च दोन-अडीच महिने उतरलेल्या अवस्थेत खुंटीला. उतरलेली ठेवली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात, ते पाण्यानं विरघळत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. पाणी घालून वाळलेपणा जातो, खडे राहतात.

मग तालुक्याच्या बाजारातून तशीच नवीन ४ व्होल्टची आणली, १६० रुपये. ती दीड तास चालायची, पण आण्णांना पहाटेपर्यंत उजेड लागतो. ती काढून आता गोठ्याच्या दिव्याला लावली आहे.

लिथियमकडे वळले तेव्हा पहिल्यांदा फसले. ऑनलाईन चार सेल मागवले, १८६५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. वर छापलेलं ९९०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास. दुकानाच्या काट्यावर एकेक ३२ ग्रॅम भरला. दोन जोडून टॉर्च सव्वा तास चालला, म्हणजे छापलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. या मापात खरा सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपतो आणि वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. त्याच्या कितीतरी पुढचा आकडा छापलेला दिसला की तो सेल हातात घेऊ नका. पैसे परत मिळाले नाहीत.

शेवटी तालुक्यात ई-बाईकचे पॅक बांधणाऱ्याकडे गेले. त्यानं दोन कोरे सेल दिले, २६०० एमएएचचे, ४६ ग्रॅमचे, एकाला २१० रुपये. दोघांचं व्होल्टेज सारखं आहे हे मीटरवर बघूनच त्यानं ते समांतर, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असे जोडले, निकेलच्या पट्टीनं, स्पॉट वेल्डिंग करून. त्याचे ५० रुपये. मी घरी सोल्डरिंगनं करणार होते, त्यानं अडवलं ते बरं झालं. सेलच्या बुडाला सोल्डरिंगची उष्णता बसली की आतला पापुद्रा खराब होतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

चार्जिंगसाठी टीपी ४०५६ चिपचा छोटा बोर्ड, ४० रुपयांचा. घेताना बॅटरीच्या दोन आणि लोडच्या दोन अशा चार तारांची सोय असलेलाच घ्या. त्यात सेल फार उतरला की लोड तोडणारं संरक्षण असतं, दोन तारांच्या बोर्डात नसतं. टॉर्चमधला जुना कपॅसिटरवाला सर्किटबोर्ड मी पूर्ण काढून टाकला, पिनही काढली, भोक बुजवलं. हे अर्धवट ठेवलेलं चालत नाही. चार्जिंग न थांबवणाऱ्या सर्किटला कोणी चुकून लिथियम सेल जोडला तर तो तापून पेटू शकतो. आता मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होतो. माझ्या बोर्डवर दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली केबल चालत नाही, एका बाजूला जुनी चौकोनी यूएसबी असलेलीच लागते. हे समजायला मला दोन दिवस लागले, बोर्डच जळाला असं वाटत होतं.

आता अनुभव. पूर्ण चार्जला साडेपाच-सहा तास. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून बघितलं, कामापुरता उजेड सहा तास चाळीस मिनिटं. परवा पुन्हा बघितलं, सहा तास वीस. मधे साठेक वेळा तरी चार्ज झाला असेल. टॉर्च आधीपेक्षा बराच हलका झाला, आणि आण्णांच्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी गोष्ट. एका हातात खोरं असतं ना. पहिल्या रात्री परत आल्यावर म्हणाले, "आता खांदा दुखत न्हाई."

एक फरक त्यांना खटकला आणि तो खराच आहे. शिशाच्या चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज त्यामानानं कमी उतरतं, लिथियमचं ४.२ पासून हळूहळू बरंच खाली येतं. माझ्या टॉर्चमध्ये एलईडीच्या मागे फक्त एक रेझिस्टन्स आहे, त्यामुळे चार तासांनंतर उजेड थोडा फिका पडतो, शेवटच्या तासात चांगलाच फिका. समांतर दोन सेल लावल्यानं हे लांबलं, गेलं नाही. रेझिस्टन्स कमी करून उजेड वाढवायचा मोह मला झाला होता. पण नव्या भरलेल्या सेलवर एलईडी जास्त करंट ओढून जळेल, म्हणून हात लावला नाही.

एप्रिल-मेमध्ये काळजी घेतली. मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत टॉर्च ठेवायचा नाही, घरात कोनाड्यात ठेवायचा, हे आण्णांना सांगितलं आणि त्यांनी पाळलं. उन्हानं तापलेला पत्रा लिथियमचा वैरी. पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा निम्मा चार्ज करून ठेवणार आहे, पूर्ण भरून नाही आणि उतरवून तर नाहीच.

भावाच्या ट्रिमरचंही याच महिन्यांत केलं, पण ते सोपं होतं. आत पेन्सिल सेलच्या मापाचा, १.२ व्होल्टचा निकेल-मेटल सेल होता, पट्ट्या लावलेला तसाच मिळाला. पाच महिने चालतोय, तक्रार नाही. त्याच लांबीजाडीचा लिथियम सेलही दुकानात असतो. तो ३.७ व्होल्टचा, तिप्पट. तो बसवला तर मोटार जाते.

गावातल्या तिघांनी टॉर्च आणून दिलेत. सेल आणि बोर्डाचे पैसे त्यांचे, आणि जुनी शिशाची बॅटरी उकिरड्यावर न टाकता बॅटरीच्या दुकानात परत द्यायची, एवढी अट घातली आहे. माझ्या टॉर्चचं आता बटण ढिलं झालंय, दोनदा दाबावं लागतं. पाऊस लागायच्या आत ते बदलायचं आणि टाईप-सीच्या भोकाला रबरी झाकण लावायचं राहिलंय.