सरकारी रुग्णालयातलं ओएसटी केंद्र : चौदा महिन्यांचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाचा गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, व्यसनावरचा उपचार मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या ओएसटी केंद्रात चालू आहे. ओएसटी म्हणजे नशेच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज औषधाची गोळी देण्याचा उपचार. चौदा महिने झाले. पहिले तीन महिने मी रोज सोबत जायचे, आता तो एकटा जातो. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे येणाऱ्या पोरांना कुणी हेरून त्रास देऊ नये. बाकी सगळं घडलं तसं लिहिते.

ओपीडीच्या मागे दोन खोल्या आहेत. एकीत डॉक्टर आणि समुपदेशक मॅडम बसतात, दुसरीत सिस्टर आणि गोळ्यांचं कुलूपबंद कपाट. बाहेर एक बाकडं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा भावाने तासाभरापूर्वीच सुई घेतली होती. डॉक्टर म्हणाले, आज गोळी देता येणार नाही. मला वाटलं, हेही हाकलतायत. पण त्यांनी बसवून समजावलं. गर्द अंगात असताना ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे इथल्या औषधाची, गोळी दिली तर टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, उलट जोरात लागते. रात्रीपासून काही न घेता या, अंग दुखायला लागलं, नाक गळायला लागलं की या. ती रात्र मी त्याच्या उशाशी बसून काढली. सकाळी तो कुडकुडत होता, पोटात कळा येत होत्या. पहिली गोळी जिभेखाली ठेवली आणि तासाभरात त्याने माझ्याकडे चहा मागितला. नऊ वर्षांत त्याने माझ्याकडे पैशांशिवाय काही मागितलं नव्हतं.

रोजची पद्धत ठरलेली आहे. कार्ड दाखवायचं, रजिस्टरमध्ये सही करायची, पाण्याने तोंड ओलं करायचं. सिस्टर गोळी कुटून जिभेखाली घालतात. विरघळेपर्यंत तिथेच बसायचं, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. मग सिस्टर म्हणतात, "भाऊ, जीभ वर करा बघू." कुणी गोळी तोंडात लपवून बाहेर विकू नये म्हणून हे बघावं लागतं. पण त्या प्रत्येकाला "अहो भाऊ" म्हणतात. आमच्या चाळीत त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, लहान पोरंसुद्धा "ए गर्दुल्ल्या" म्हणायची. एक पैसा लागत नाही. तिथेच रक्त तपासलं तेव्हा एचआयव्ही नाही निघाला, पण हिपॅटायटिस सी निघाला. सुया वाटून घेतल्याचा परिणाम. त्याच्याही गोळ्या सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळाल्या, बारा आठवड्यांचा कोर्स त्याने एकही दिवस न चुकवता पुरा केला.

आता आधीचं सांगते, म्हणजे मी या दोन खोल्यांना एवढं का मानते ते कळेल.

मी ब्लाऊज शिवते. भावाने माझ्या मशीनची मोटार विकली, आईच्या पाटल्या गेल्या. पन्नीवर गर्द जाळून धूर ओढणं परवडेना तेव्हा तो सुईवर आला, कारण सुईला माल कमी लागतो. आम्ही आधी त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. रात्री दोनला जीप आली, चार जणांनी हात बांधून नेलं. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले. टर्कीवर औषध नाही, अंगावर गार पाणी. रात्री पळू नये म्हणून पायात साखळी. साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे आणि व्यसनाच्या रुग्णांनाही तो कायदा लागू होतो, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी सही करून त्याला त्यांच्या हवाली केलं होतं. ती सही मला अजून झोपू देत नाही.

मग पोलीस. दोन पुड्या सापडल्या, दीड ग्रॅम. गर्दला कायद्यात पाच ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण धरतात. शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही. महिनाभर तो आत होता. चाळीतले म्हणाले, बरं झालं, आता सुधारेल. सुटला त्याच रात्री त्याने आधी घ्यायचा तेवढीच सुई घेतली. महिनाभरात शरीराची सवय मोडलेली असते, जुनं प्रमाण झेपत नाही. ओठ निळे पडले होते, श्वास मोजता येईल इतका संथ. कॅज्युअल्टीत इंजेक्शन देऊन त्याला परत आणला. शिक्षेने तो सुधारला नाही, मरायला टेकला. म्हणून कुणी "चार फटके टाका, आत टाका" म्हणालं की मी गप्प बसत नाही.

केंद्रातल्या मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती वकिलाने आणि ठाण्यातल्या कुणीच सांगितली नव्हती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणासह सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या फुकट वकिलांनी अर्ज केला. प्रत्येक तारखेला केंद्राचं पत्र लागतं, आणि मॅडम ते न कुरकुरता देतात. पण त्याच कलमात आहे की उपचार पूर्ण केला नाही तर हे संरक्षण काढून घेता येतं. डॉक्टर म्हणतात, ही गोळी मधुमेहाच्या औषधासारखी, कुणाला दोन वर्षं, कुणाला दहा. मग "पूर्ण" कधी म्हणायचं? या एका शब्दावर माझ्या भावाचं आयुष्य लटकलं आहे. विकणाऱ्याला सोडा असं मी म्हणत नाही. ज्याने त्याला पहिली पुडी फुकट दिली, त्याला मी माफ करणार नाही. पण ज्याच्याकडे स्वतःपुरतं सापडतं त्याला कोठडीआधी डॉक्टरसमोर उभं केलं पाहिजे. कायद्यातच ही वाट आहे, तर अटक करतानाच ती सांगा.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

खिडकी नऊला उघडते. भाऊ रंगकाम करतो, आणि नाक्यावर ठेकेदार साडेआठपर्यंत माणसं उचलतात. गोळी घ्यावी तर रोज बुडतो, रोज धरावा तर गोळी. पहिल्या सहा महिन्यांत त्याला आठवड्यातून दोन दिवस काम मिळायचं. खिडकी सातला उघडली तर निम्मी पोरं टिकतील, हे मी लेखी दिलं आहे. आता तो नियमित असल्यामुळे काही दिवसांच्या गोळ्या घरी देतात, त्या मी कुलपात ठेवते. एकदा गोळ्यांचा साठा संपत आला आणि तीन दिवस निम्मा डोस मिळाला. त्या तीन दिवसांत दोन पोरं यायची थांबली, ती परत दिसली नाहीत. गेटवरचा सुरक्षारक्षक "गर्दुल्ले मागच्या बाजूने" असं मोठ्याने ओरडतो, त्याला कुणीतरी समज द्या. आणि बायकांसाठी काहीच सोय नाही. एक मुलगी यायची, पुरुषांच्या बाकड्यावर अंग चोरून बसायची.

भाऊ पूर्ण सुटलाय का? चौदा महिन्यांत दोनदा घसरला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कार्ड रद्द केलं नाही, डोस वाढवला. आता रोज आठ मिलिग्रॅम. घाम फार येतो, पोट साफ होत नाही, या गोळीचे हे त्रास आहेतच. पण दिवाळीत त्याने स्वतःच्या कमाईतून माझ्या मशीनला मोटार आणली, जुनीच, दुरुस्त केलेली.

मी पाचपैकी चार देईन. एक वेळेसाठी कापला.

कुणाला जायचं असेल तर १४४४६ या हेल्पलाइनवर विचारा, फुकट आहे, जवळचं केंद्र सांगतात. ओएसटी मुख्यतः सुई घेणाऱ्यांसाठी आहे, बाकीच्यांना दुसरा उपचार सांगतील. आधी झालेल्या कोर्टाचे, दवाखान्याचे कागद असतील तर सगळे घ्या. आणि आपल्या माणसाला टर्की लागलेली असतानाच न्या. त्याचं थरथरणं बघून घाबरून वाटेतून परत फिरू नका, डॉक्टरांना ते तसंच बघायचं असतं.