बिबर की झेहुंड? दोन छोट्या जर्मन पाणबुड्या

दोन्ही १९४४ मध्ये घाईने बनल्या, दोन्हींवर दोन-दोन टॉर्पेडो. साम्य एवढेच.

बिबर सुमारे ९ मीटर लांब, साडेसहा टनांची, एका माणसाची. तिच्यात ओपेल ब्लिट्झ ट्रकचे ३२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसवले आणि तिथेच घात झाला. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. तो आत झिरपला की चालकाला कळायच्या आत शुद्ध हरपे. डिसेंबर १९४४ मध्ये इंग्लंडच्या डोव्हर बंदराच्या ईशान्येला समुद्रात भरकटत सापडलेल्या ९० क्रमांकाच्या बिबरमधला चालक असाच गेला. शिवाय पाणी भरून वजनाचा तोल साधणाऱ्या पुरेशा टाक्या नव्हत्या, त्यामुळे पेरिस्कोपच्या खोलीवर ती स्थिर राहत नसे आणि हल्ला पृष्ठभागावरूनच करावा लागे.

झेहुंड १२ मीटरची: एक कमांडर, एक इंजिन सांभाळणारा. ६० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, पाण्याखाली २५ अश्वशक्तीची विजेची मोटर, आणि बुडी काही सेकंदांत. आकार लहान, म्हणून सोनारला, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राला, ती जेमतेम लागे. नेदरलँड्समधील आयमाउडनहून १९४५ च्या नववर्षाच्या सुमारास निघालेल्या पहिल्या तुकडीतल्या बहुतेक पाणबुड्या वादळी समुद्रामुळे वाया गेल्या. तरी एप्रिलपर्यंत सुमारे १४० फेऱ्या झाल्या, ३५ पाणबुड्या गमावल्या. माणसाचा जीव हिशेबात धरला तर झेहुंडच निर्विवाद सरस.