राणीची बाग, पेंग्विन सोडून

आधीच सांगतो, मी पेंग्विन पाहिलेले नाहीत. सून आणि नात रांगेत उभ्या राहिल्या, मी बाहेर झाडाखाली बसलो. पेंग्विनकक्षात गार वाटतं का, फोटो काढू देतात का, हे कुणाला हवं असेल तर ते सांगणारे शंभर जण आहेत. मी एका सरकारी आवारात 33 वर्षं काढली. आधी माळी, नंतर मुकादम. बंगले, हिरवळी, झेंड्याचा चौथरा, साहेबांच्या घरच्या कुंड्या. त्यामुळे बाग बघायची माझी रीत उलटी. आधी बुंध्याचं आळं, मग खोड, मग फांदी कापल्याचा जुना घाव. फूल सगळ्यात शेवटी, तेही असलं तर.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरून चालत. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना 50 रुपये आणि लहानांना 25 होते. बुधवारी बंद असते. सुट्टीचे दिवस, म्हणून दारातच जत्रा. आत शिरलेली सगळी जत्रा एकाच बाजूला वळते, ती पेंग्विनच्या. उजवी-डावी न बघता निघालेली माणसं पाहून मला आमच्या आवारातला 26 जानेवारी आठवला. त्या दिवशीही सगळे झेंड्याकडे बघायचे आणि आम्ही रात्रभर कापलेल्या हिरवळीवरून चपला घालून जायचे.

गर्दी पुढे गेली की बाग आपली. गोरखचिंचेपाशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आफ्रिकेतलं झाड, खोड हत्तीच्या पायासारखं, साल तशीच सुरकुतलेली. वर्षातले बरेच महिने हे झाड बोडकं असतं आणि लोक त्याला मेलेलं समजतात. आम्ही पोहोचलो तेव्हा टोकांना कोवळी पालवी फुटत होती, पावसाची चाहूल माणसाआधी लागल्यासारखी. कैलासपतीला फुलं होती, फांदीवर नव्हे, थेट खोडातून निघालेल्या झुपक्यांवर. त्याची फळं तोफगोळ्याएवढी. खाली बसून डबा खाणाऱ्या एका कुटुंबाला मी हात जोडून बाजूला व्हायला सांगितलं. त्यांना वाटलं मी इथला पहारेकरी.

उर्वशीला बहर नव्हता. तिचा मोसम हिवाळा सरताना. पण कोवळी पानं आली होती, तांबूस, ओल्या रुमालासारखी खाली लोंबणारी. शेजारचे एक काका म्हणाले, "पाणी घालत नाहीत वाटतं, सुकलंय." मी म्हटलं, "काका, ती पानं अशीच जन्मतात. पंधरा दिवसांनी ताठ होतील, हिरवी होतील." ब्रह्मदेशातलं झाड हे. इंग्रजांनी त्याला लेडी अ‍ॅमहर्स्टचं नाव दिलं, आपल्या लोकांनी उर्वशी म्हटलं. कुणाला जास्त नजर होती ते ज्यानं त्यानं ठरवावं.

ही बाग ज्या बागायती संस्थेनं उभी केली, तिची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीला गेली. भायखळ्याची ही नवी बाग 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उघडली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. 1873 पासून ती पालिकेच्या ताब्यात आहे. राणीचं नाव बदलून जिजाबाईंचं आलं, तरी टॅक्सीवाल्याला आजही राणीची बागच सांगावं लागतं. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 1873. दीडशे वर्षं एकाच घरची माणसं या मातीत हात घालत आली. आमच्या आवाराला माझ्याच नोकरीत चार ठेकेदार झाले. पहिल्याला कुठला पाइप कुठं पुरलाय ते ठाऊक होतं, चौथ्याला पाइप आहे हेही ठाऊक नव्हतं.

आता आळ्याबद्दल, कारण मी आलो त्यासाठीच होतो. मोठ्या झाडाभोवती माती मोकळी हवी, पाय बुडतील इतका पाचोळा हवा. पाचोळा म्हणजे कचरा नव्हे, झाडाचं जेवण ते. इथं ज्या झाडांच्या बुंध्यांशी मी वाकून बसलो, तिथं बोट खुपसलं तर आत गेलं. ओल होती, गांडुळांची माती होती. मे महिन्यात मुंबईत हे दिसणं म्हणजे कुणाचा तरी हात रोज तिथं फिरतोय.

आमच्याकडे असं नव्हतं, आणि त्यात माझाही हात होता. दरवर्षी मोठे पाहुणे यायचे म्हटलं की खोडांना गेरू-चुन्याचे पट्टे आणि खाली झाडलोट, पान म्हणून शिल्लक ठेवायचं नाही. एका वर्षी ठेकेदारानं गुलमोहराच्या बुंध्यापर्यंत कोबा केला. चिखल होत नाही, दिसायला स्वच्छ. मुकादम म्हणून कागदावर सही माझी होती. मी एकदा म्हणालो, हातभर तरी जागा सोडा. ते हसले, मी गप्प बसलो. दोन पावसाळे झाड उभं राहिलं. तिसऱ्या वर्षी जुलैत, वारा फारसा नसताना, मुळासकट आडवं झालं. मुळं बघितली तर तव्यावर थापल्यासारखी, कोब्याच्या खाली पसरलेली, खाली गेलीच नव्हती. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. अहवालात "वाऱ्यामुळे" असं लिहिलं गेलं. तेही माझ्याच अक्षरात.

म्हणून इथल्या झाडांसाठी जे भांडले त्यांचं मला फार अप्रूप. 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा मोठा आराखडा आला, तेव्हा मुंबईतल्या काही बायकांनी ही बाग वाचवायचा विडा उचलला. नुसत्या घोषणा दिल्या नाहीत, झाडं मोजली. तीन हजारांहून जास्त झाडं आणि 286 जाती, अशी यादी लोकांपुढे ठेवली. सरकारी दारात आकड्यासारखं हत्यार नाही, हे मी आतल्या बाजूनं सांगतो.

फेब्रुवारीच्या सुरवातीला इथं फुलांचं आणि झाडांचं प्रदर्शन भरतं, त्याबद्दलही लोक विचारतात. जरूर जा, कुंड्यांतली भाजी आणि औषधी रोपं बघण्यासारखी असतात. फुलं टोचून केलेल्या मोठमोठ्या आकृत्यांपुढे मात्र माझा जीव रमत नाही. तीन दिवसांत सुकणाऱ्या वस्तूला बाग म्हणवत नाही. हा दोष माझ्या वयाचा असू शकतो.

परतताना बागेलगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगाला पुतळे बघितले. सातव्या एडवर्डचा घोडा पाहून नात म्हणाली, "आजोबा, हा काळा घोडा इथं कसा?" फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यावरून नाव पडलं आणि 1965 मध्ये तिथून हलवून इथं आणला तो हाच खरा, तिकडे आता आहे तो नवा आणि त्यावर स्वार नाही, एवढं सांगेपर्यंत ती आइस्क्रीमच्या गाडीकडे गेली होती.

तिथंच एका भिंतीपाशी एक माळी उकिडवा बसला होता. दगडांच्या फटीत वीतभर पिंपळ उगवलेला. खुरप्याच्या टोकानं तो हळूहळू चुना मोकळा करत होता, रोप ओढत नव्हता. ओढलं की वरचं हातात येतं, मूळ आत राहतं आणि दोन वर्षांत भिंत फोडतं. मी विचारलं, "तोडायचा नाही का?"

"पिंपळ आहे, बाबा. कोण तोडणार?"

"आम्ही कुंडीत लावायचो."

"मग आम्ही काय वेगळं करतो?" त्यानं मागं हात केला. भिंतीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत चार पिंपळ आणि एक वड रांगेत बसले होते.

पाचापैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो बागेचा नाही, आपला. गोरखचिंचेच्या सालीवर किल्लीनं कोरलेली चार नावं मी वाचली, त्यातलं एक यंदाचं होतं, घाव अजून ओला होता.