म्हापशातल्या दुकानाला कुठला राउटर: ईआर६०५ की हेक्स?

पावसाळ्यात फायबर तुटली की यूपीआय अडतं आणि गिऱ्हाईक ताटकळतं. म्हणून दोन कंपन्यांच्या लाइनी हव्यात. टीपी-लिंक ईआर६०५ आणि मायक्रोटिक हेक्स, दोन्ही त्या सांभाळतात. वायफाय मात्र दोघांतही नाही, अ‍ॅक्सेस पॉइंट वेगळा घ्या.

ईआर६०५ ब्राउझरमधूनच लागतो: दुसरं वॅन (दुसऱ्या इंटरनेट लाइनीचं पोर्ट) चालू करा, मुख्य आणि राखीव लाइन ठरवा, झालं. हेक्सवर दोन डिफॉल्ट रूट (इंटरनेटकडे जायच्या वाटा) लिहायचे, वेगवेगळ्या डिस्टन्सचे; ज्याचा आकडा कमी, ती वाट आधी. मेख अशी, की नुसता गेटवे (लाइनीचं पलीकडचं पहिलं टोक) पिंग केलात, म्हणजे जिवंत आहे का ते विचारलंत, तर तो उत्तर देत राहतो, पुढे इंटरनेट मेलेलं, आणि राउटर आपला ढिम्म! त्यासाठी ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता तपासणारा रिकर्सिव्ह रूट लिहावा लागतो. जाणकार हाताशी असेल तर हेक्सची मोकळीक वेगळीच. नाहीतर सरळ ईआर६०५. काहीही घ्या, मुख्य लाइनची वायर एकदा मुद्दाम काढून पाहा, आणि यूपीएसवर राउटरसोबत ओएनटीही (फायबर जोडलेला कंपनीचा डबा) लावा.