झाकणवाला सिलिकॉनचा आइस ट्रे: पुदिना, गवती चहा, कोथिंबीर सगळं गोठवून बघितलं

एप्रिलमध्ये इथे बडोद्यात मंगळबाजारातून हा ट्रे घेतला, 15 खणांचा, सिलिकॉनचा, वर प्लॅस्टिकचं झाकण, 160 रुपयांना पडला. तेव्हापासून जवळजवळ रोज वापरतेय. मी खरं तर साधा प्लॅस्टिकचाच मागत होते पण दुकानवाले काका म्हणाले, "बेन, ढांकणावाळी लई जाव", म्हणजे झाकणवाला घेऊन जा, आणि त्यांचं ऐकलं ते बरंच झालं, कारण झाकण नसेल तर फ्रीझरमधल्या सगळ्या वस्तूंचा वास बर्फाला लागतो आणि पुदिन्याचा स्वतःचा वास जातो तो वेगळाच.

घेतला कशाला ते सांगते. खंडेराव मार्केटात भाजीला गेलं की पुदिन्याची जुडी आणि लीली चा, म्हणजे आपला गवती चहा, पिशवीत येतोच, बडोद्यात राहून चहात हे दोन्ही नसलं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. पण घरात चहा पिणारे आम्ही तिघंच, आणि मे महिन्यात पुदिना दुसऱ्या दिवशी माना टाकतो, तिसऱ्या दिवशी काळा. दर आठवड्याला अर्धी जुडी टाकून देताना जीव हळहळायचा.

आता गवती चहा कात्रीने बारीक कापते, पुदिन्याची पानं हाताने तोडून त्यात मिसळते, खण पाऊण भरते आणि वर पाणी. एका खणात एक मोठा चमचा, साधारण 15 मिली मावतं. पहिल्यांदा सगळी पानं वर तरंगली आणि बर्फाबाहेर राहिलेली काळी पडली, म्हणून आता आधी अर्धं पाणी घालून गोठवते, मग परत पाणी. वेळ जातो पण पानं बर्फाच्या आत नीट बसतात. आणि खण काठोकाठ भरू नका हं, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, झाकण उचललं जातं आणि सगळे क्यूब चिकटून एकच लादी होते, माझी झाली होती. सकाळी उकळत्या पाण्यात दोन क्यूब टाकायचे, पाच मिनिटं उकळू द्यायचे, मग चहापत्ती आणि दूध. सासूबाईंना काही न सांगता दिला तर म्हणाल्या आज ताजी लीली चा मिळाली वाटतं!

ताकाचा प्रकार तर मला चहापेक्षाही आवडला. कोथिंबीर, पुदिना, भाजलेलं जिरं, सैंधव आणि थोडं आलं पाण्याबरोबर वाटून तेच गोठवायचं. साधा बर्फ टाकला की ताक पाणचट होत जातं, इथे उलटं होतं, क्यूब विरघळेल तशी चव चढत जाते, ग्लासच्या तळाशी शेवटचा घोट सगळ्यात झणझणीत लागतो. दुपारी बाहेरून तापून आलेल्या माणसाला हे दिलं ना की तो लगेच दुसरा ग्लास मागतो.

हिरवा रंग टिकवायचा असेल तर पुदिना 15-20 सेकंद उकळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग वाटा. तुळशीचं मात्र जमलं नाही, काळी पडली आणि चवही उतरली. कढीपत्ता बरा राहतो. वरून पेरायला कोथिंबीर हवी असेल तर ती ताजीच घ्या, गोठलेली पानं विरघळली की लिबलिबीत होतात, वरण-आमटीत चालतात, पोह्यांवर नाही.

आता ट्रेबद्दल. क्यूब सुटायला एकदम सोपे, खालून अंगठ्याने दाबलं की टुणकन बाहेर, नळाखाली धरावं लागत नाही. पण ट्रे लवलवतो, भरलेला उचलला की पाणी सांडणारच, म्हणून मी भरायच्या आधीच स्टीलच्या ताटलीत ठेवते आणि ताटलीसकट फ्रीझरमध्ये सरकवते. झाकण एका कोपऱ्यात नीट बसत नाही, पहिल्या दिवसापासून तसंच आहे, दुकानातच लावून बघायला हवं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सिलिकॉन वास धरून ठेवतो. एकदा लसूण-कोथिंबीर वाटण गोठवलं, त्यानंतरच्या लिंबू सरबतात लसणाचा वास, पाहुण्यांसमोर इतकं वाईट वाटलं. खायचा सोडा घालून कोमट पाण्यात रात्रभर ठेवला, वास कमी झाला पण पूर्ण नाही गेला. तेव्हा घेणार असाल तर दोन घ्या, एक तिखट-लसणाचा, एक चहा-सरबताचा, आणि रंग वेगवेगळे घ्या म्हणजे घरातलं दुसरं कोणी भरायला गेलं तरी घोळ नको.

क्यूब तयार झाले की काढून डब्यात भरून ठेवते, वर तारीख लिहिते, दीड-दोन महिन्यात संपवते. 160 रुपयांत मला तरी पैसे वसूल वाटले. माझा हिरवा ट्रे आता वाटणाचा झालाय, रविवारी जाऊन पांढरा आणणार आहे, या वेळी झाकणाचे चारही कोपरे दाबून बघून.