'१९६०: द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट' बोर्ड गेम: पावसाळ्यापासून खेळतोय, आता लिहितो

आधीच सांगून टाकतो, हा गेम फक्त दोघांचा आहे, एका डावाला दोन तास सहज जातात आणि नियम पहिल्यांदा वाचायचे तर एक अख्खी संध्याकाळ काढून ठेवावी लागते. तेवढ्यानं कंटाळा आला असेल तर इथेच थांबा, कारण पुढे मी गेमवर कमी आणि अमेरिकेच्या १९६० च्या निवडणुकीवर जास्त बोलणारे. गेल्या पावसाळ्यात मागवला. बाहेरून येतो म्हणून किंमत चांगलीच पडली. तेव्हापासून मी आणि दादा, आणि ताई माहेरी आली की ती, असं आलटून पालटून चालू आहे.

एक जण केनेडी (डेमोक्रॅट), एक जण निक्सन (रिपब्लिकन). समोर अमेरिकेचा नकाशा, निळे-लाल लाकडी क्यूब, आणि हातात पत्ते. प्रत्येक पत्त्यावर २, ३ किंवा ४ पॉइंट असतात आणि त्या वर्षीची एखादी खरी घटना असते, त्यातलं एकच वापरायचं. पॉइंट वापरून राज्यात प्रचार करा, जाहिरातींवर लावा, नाहीतर संरक्षण, अर्थव्यवस्था आणि नागरी हक्क या तीन मुद्द्यांवर आघाडी घ्या. मुद्द्यांवर पुढे असलात की मोमेंटम मिळतं, आणि खरी गंमत तिथे आहे, कारण समोरच्यानं तुमच्या फायद्याची घटना असलेला पत्ता नुसत्या पॉइंटसाठी टाकला, तर तुम्ही मोमेंटम खर्च करून ती घटना घडवू शकता. त्यामुळे नको असलेले पत्ते गुपचूप खपवता येत नाहीत. दादा अशा वेळी पत्ता टाकतो आणि खिडकीबाहेर बघायला लागतो, त्यावरूनच कळतं काहीतरी आहे.

पण मला सगळ्यात आवडली ती पिशवी. कमी पॉइंटचा पत्ता खेळलात की उरलेल्या दमाचे क्यूब तुमच्या रंगाचे पिशवीत पडतात. ४ चा खेळलात तर काहीच नाही. आणि समोरच्यानं चार क्यूब लावून पक्कं केलेलं राज्य फोडायचं असेल तर याच पिशवीत हात घालून आपल्या रंगाचा क्यूब निघतो का बघायचं, सापडला तर आपला, नाहीतर पॉइंट वाया. म्हणजे सुरुवातीपासून जो सुसाट धावतो तो नेमका शेवटच्या दिवशी उताणा पडतो.

आता हे निक्सनला लावून बघा. त्यानं पक्षाच्या अधिवेशनातच जाहीर करून टाकलं की मी पन्नासच्या पन्नास राज्यांत जाणार. अलास्का आणि हवाई १९५९ मध्ये राज्यं झालेली, त्यामुळे पन्नास राज्यांची ही पहिलीच निवडणूक. मग ऑगस्टमध्ये ग्रीन्सबरोला गाडीच्या दारावर गुडघा आपटला, त्यात इन्फेक्शन झालं आणि ऐन प्रचारात दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये पडून राहावं लागलं. तिथून उठला तो थेट बुडालेले दिवस भरून काढायच्या मागे, आणि २६ सप्टेंबरला शिकागोच्या स्टुडिओत पहिल्या डिबेटला उभा राहिला तेव्हा वजन उतरलेलं, चेहरा ओढलेला, दाढीची खुंटं लपवायला वरून पावडर. ती पावडरसुद्धा गेममध्ये आहे, 'लेझी शेव्ह' नावाचा पत्ताच आहे! गुडघ्याचाही आहे. आणि एवढं होऊनही शब्द पाळायचा म्हणून मतदानाला दोन दिवस राहिले असताना हा माणूस कुठे गेला, तर अलास्काला. तीन इलेक्टोरल मतांसाठी (अध्यक्ष याच मतांवर ठरतो, ती राज्यांना वाटलेली असतात आणि राज्य जिंकणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सगळी मिळतात). त्याच वेळी २७ मतांचं इलिनॉय काठावर लोंबकळत होतं. आमच्याकडे आता निक्सन खेळणारा पश्चिमेकडे सरकला की समोरचा हमखास विचारतो, "काय रे, अलास्का का?"

तेव्हाचा अध्यक्ष आयसेनहॉवर, त्याचाही पत्ता आहे, 'गिव्ह मी अ वीक'. उपाध्यक्ष म्हणून निक्सनची एखादी मोठी कल्पना तुम्ही स्वीकारलीत का, असं पत्रकारानं विचारलं तर साहेब म्हणाले एक आठवडा द्या, आठवलं तर सांगतो. स्वतःच्या माणसाबद्दल! हा पत्ता पडला की निक्सन खेळणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

मुख्य मुद्द्यावर येतो. वेगळा इतिहास घडवायची मुभा या गेममध्ये कुठे आहे, तर माझ्या मते एका पत्त्यात, मार्टिन ल्यूथर किंग यांची अटक. ऑक्टोबर १९६० मध्ये अटलांटात एका डिपार्टमेंट स्टोअरमधल्या धरण्यात किंगना पकडलं. केनेडीनं कोरेटा किंगना फोन केला, धाकट्या भावानं न्यायाधीशाला गाठलं, किंग सुटले, आणि किंग यांचे वडील, जे केनेडी कॅथलिक म्हणून निक्सनकडे झुकले होते, ते उघडपणे केनेडीच्या बाजूला आले. निक्सन गप्प बसला. गेममध्ये मात्र हा पत्ता कुणा एकाचा नाही, ज्याच्या हातात येईल तो नागरी हक्कांवर आघाडी घेतो. ताई निक्सन खेळत होती आणि तो तिच्या हातात आला. फोन तिनं केला. पुढे मिशिगन, न्यू जर्सी, इलिनॉय सगळं तिच्याकडे सरकलं आणि दादा दक्षिणेत क्यूब रचत बसला. डाव संपल्यावर आम्ही जेवताना तेवढंच बोलत होतो की काळ्या मतदारांतला मोठा हिस्सा रिपब्लिकन पक्षाकडेच राहिला असता तर १९६४ ला रिपब्लिकनांकडून नागरी हक्क कायद्याचा विरोधक गोल्डवॉटर उभा तरी राहिला असता का, आणि दक्षिणेतले गोरे मतदार मग गेले असते कुठे. याचं उत्तर गेम देत नाही. द्यायला हवं असंही नाही म्हणा.

माझी तक्रार म्हणाल तर हीच आहे. ८ नोव्हेंबरला इलेक्टोरल मतं मोजली, ५३७ पैकी २६९ झाली, संपला डाव. आणि खऱ्या १९६० मधला सगळ्यात भारी भाग तर त्यानंतरच सुरू होतो! म्हणून आम्ही एक वही केलीय, डाव संपला की नकाशाचा फोटो काढायचा आणि पुढच्या चार वर्षांत काय झालं असतं त्यावर भांडून वहीत लिहायचं. गेमपेक्षा वहीतच जास्त वेळ जातो असं बायको म्हणते, आणि खरंय ते.

वहीमुळे एक गोष्ट मात्र मला पक्की पटली, आणि ती अमेरिकेवर गप्पा मारणारे बहुतेक जण सोडून देतात. १९६० म्हटलं की सगळे लगेच म्हणतात, शिकागोच्या मेयर डेलीनं मतं फिरवली नसती तर निक्सन आला असता. (त्यावरही पत्ता आहे, कुक काउंटीचे, म्हणजे शिकागोच्या जिल्ह्याचे, उशिरा आलेले निकाल.) पण हिशोब करा ना. केनेडी ३०३, निक्सन २१९, आणि १५ मतं व्हर्जिनियाच्या सिनेटर हॅरी बायर्डला, जो उभाच नव्हता. एकट्या इलिनॉयची २७ निक्सनला दिली तरी केनेडी २७६ वर, म्हणजे तरीही तोच अध्यक्ष. निक्सनला जिंकायला सोबत टेक्सासची २४ पण हवीत, मग त्याचे होतात २७०, आणि टेक्सासमध्ये फरक होता ४६ हजारांच्या वर. तो फिरवणं सोपं नव्हतं.

आता टेक्सास सोडा, इलिनॉयबरोबर मिसुरी घ्या. इलिनॉयमध्ये केनेडी ८,८५८ मतांनी पुढे, मिसुरीत दहा हजारांच्या आसपास. ही दोन पलटली की केनेडी २६३, निक्सन २५९, बायर्ड १५. कुणालाच बहुमत नाही! देशभरात ६ कोटी ८८ लाख मतं पडलेली आणि दोन राज्यांतल्या दहा हजार लोकांनी मत बदललं असतं तर निकाल त्रिशंकू. म्हणजे सगळ्यात जवळचा 'वेगळा इतिहास' निक्सनच्या विजयाचा नव्हताच, तो दक्षिणेतल्या चौदा अनप्लेज्ड इलेक्टर्सच्या, म्हणजे इलेक्टोरल मत कुणाला देणार हे आधी न बांधलेल्या लोकांच्या, हातात सापडलेल्या अमेरिकेचा होता (पंधरावा ओक्लाहोमातला रिपब्लिकन, ऐन वेळी फिरलेला).

मिसिसिपीचे आठ आणि अलाबामाचे सहा, या लोकांना नेमकं हेच हवं होतं. निकाल लटकला की प्रतिनिधिगृहात जातो, तिथे दर राज्याला एकच मत, आणि जिंकायला २६ राज्यं लागतात. बहुतेक राज्यांत डेमोक्रॅट जास्त होते, पण दक्षिणेतली राज्यं वजा केली तर २६ कुणाचेच भरत नाहीत. मग सौदा कशावर झाला असता हे सांगायला नकोच, नागरी हक्कांचा विषय थंड्या बस्त्यात. आमच्याकडे असा निकाल लागला तेव्हा वहीत आम्ही लिहिलं की केनेडीच अध्यक्ष होतो पण हात बांधलेला. दादाचं मत उलटं, तो म्हणतो केनेडीचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार जॉन्सन, त्यानं दक्षिणवाल्यांना नुसता शब्द दिला असता आणि नंतर मोडला असता. जॉन्सननं पुढे अध्यक्ष होऊन नागरी हक्क कायदा आणला, ते बघता हेही पटतं.

गेममध्ये अनप्लेज्ड इलेक्टर्सवर पत्ता आहे, पण एका पत्त्यानं याचं भागत नाही. तसंच हवाईचं. आधी तिथे निक्सन १४१ मतांनी पुढे, मग फेरमोजणी, ती पूर्ण व्हायच्या आत १९ डिसेंबरला दोन्ही पक्षांच्या इलेक्टर्सनी आपापली मतं देऊन टाकली, आणि शेवटी केनेडी ११५ मतांनी जिंकला. ६ जानेवारी १९६१ ला ती मतं मोजायला अध्यक्षस्थानी कोण, तर उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन. त्यानं स्वतः हवाई केनेडीच्या खात्यात टाकलं, हा पायंडा समजू नका एवढं फक्त म्हणाला. हे सगळं गेममध्ये तीन मतांचं एक राज्य, बस्स.

वहीत निक्सन जिंकला की पहिलं पान क्यूबाचं असतं. बे ऑफ पिग्जची, म्हणजे क्यूबावरच्या फसलेल्या हल्ल्याची, तयारी आयसेनहॉवरच्याच काळातली, निक्सन त्याच्या बाजूचा. एप्रिल १९६१ मध्ये तो मागे हटला नसता असं आम्ही धरतो. मग ऑक्टोबर १९६२ चा क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच तसा उभाच राहत नाही. आणि इथे आपला संबंध येतो, कारण त्याच ऑक्टोबरच्या २० तारखेला चीननं हल्ला केला. नेहरूंनी नोव्हेंबरमध्ये मदतीसाठी पत्रं लिहिली ती केनेडीला, ज्यानं सिनेटर असताना १९५८ मध्ये भारताला मदत द्या असा ठराव मांडला होता आणि अध्यक्ष झाल्यावर अर्थतज्ज्ञ गॅलब्रेथसारखा माणूस राजदूत म्हणून दिल्लीत बसवला होता. अमेरिकेची सी-१३० विमानं आली. तिकडे निक्सन १९५३ मध्ये आशियाचा दौरा करून गेला तो पाकिस्तानला शस्त्रं द्या म्हणत. त्याच्या टेबलावर नेहरूंचं पत्र पडलं असतं तर काश्मीरची अट घालूनच उत्तर आलं असतं, असं मला वाटतं. ताईचं म्हणणं, चीन समोर असताना निक्सननं जास्तच दिलं असतं, तो तेव्हा पक्का कम्युनिस्टविरोधी. यावर आमचं अजून मिटलेलं नाही. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री, म्हणजे यशवंतराव, तिकडे कुणीही जिंकलं तरी दिल्लीला गेलेच असते एवढ्यावर एकमत आहे.

बाकी कुरबुरी. पत्ते वाईट आले तर हातात सगळ्या समोरच्याच्याच घटना, आणि मोमेंटम दर फेरीला निम्मं उतरतं त्यामुळे साठवून ठेवायची सोय नाही. डिबेट एकच आहे, सहाव्या फेरीत, खरे चार झाले होते, पण त्यासाठी दर फेरीत एक पत्ता बाजूला ठेवताना जी कुतरओढ होते ती मस्त जमलीय. पूर्व-पश्चिम-दक्षिण-मध्य असे चार भाग आणि उमेदवाराला एकातून दुसऱ्यात न्यायला पॉइंट जातो, हे नवख्यांच्या डोक्यात लवकर बसत नाही. आणि पावसाळ्यात पत्ते वाकतात, पहिल्याच दिवशी स्लीव्ह घाला.

नवरा-बायकोत भांडण नको असेल तर केनेडी समोरच्याला द्या. चौघं जमणार असाल तर हा काढूच नका, दोघं खेळतात आणि दोघं मोबाईल बघतात. नुसतं राजकारण आवडतं पण १९६० बद्दल काही माहीत नाही अशांनी आधी तासभर वाचून मग बसावं, नाहीतर पत्त्यांवरची नावं नुसती नावंच राहतात. माझ्याकडून पाचात सव्वाचार, पाऊण मार्क ८ नोव्हेंबरला संपतो म्हणून कापला.