घराच्या जाहिरातीखालचा तो आकडा: ग्रेटस्कूल्सचं मानांकन किती धरून चालावं?

अमेरिकेत बदली ठरली की पहिल्यांदा झिलो नाहीतर रेडफिन ही घरं शोधायची साइट उघडली जाते. घराच्या फोटोंखाली शाळांची नावं असतात आणि प्रत्येक नावापुढे १ ते १० मधला एक आकडा. कित्येक मराठी घरांत शोधाची पहिली चाळणी हीच: आठच्या खालचं घर बघायचंच नाही. झिलोवर तशी अट घालायची सोयही आहे. पण हा आकडा झिलोचा नाही आणि सरकारचाही नाही. तो ग्रेटस्कूल्स या १९९८ साली सुरू झालेल्या ना-नफा संस्थेचा आहे. घरविक्रीच्या साइट तो तिच्याकडून घेऊन दाखवतात. या एका आकड्यापायी लोक जास्त भाडं भरतात आणि ऑफिसचा रस्ता दुप्पट लांबवून घेतात, म्हणून तो कशाचा बनलाय हे आधी बघू.

मुळात आहेत राज्याच्या परीक्षा. २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा, वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यावीच लागते. त्या निकालांवरून पहिला भाग निघतो, टेस्ट स्कोअर. दुसरा भाग प्रगतीचा: गेल्या वर्षी साधारण सारखे गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं वर्षभरात किती पुढे सरकली. हायस्कूल असेल तर तिसरा भाग कॉलेजच्या तयारीचा. त्यात किती मुलं हायस्कूल पूर्ण होईपर्यंत टिकली, किती जणांनी सॅट-एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षा दिल्या आणि त्यात काय मिळवलं, एपीसारखे वरच्या पातळीचे विषय किती जणांनी घेतले, हे येतं. या सगळ्यांची मोट बांधून जो एकच आकडा निघतो तो तुम्हाला घराखाली दिसतो. १ ते ४ म्हणजे राज्याच्या सरासरीखाली, ५-६ सरासरी, ७ ते १० सरासरीच्या वर.

यातला टेस्ट स्कोअर हा सर्वांत कमी कामाचा भाग आहे आणि लोकांच्या डोक्यात नेमका तोच बसलेला असतो. मुलांचे सरासरी गुण आणि पालकांची कमाई-शिक्षण यांचं नातं फार घट्ट आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्टने देशभरातल्या शाळांचे निकाल एका मापावर आणून हे दाखवून दिलं. त्यांच्याच कामात दुसरी गोष्टही दिसते: मुलं वर्षागणिक किती शिकतात, याचं पालकांच्या कमाईशी असलेलं नातं त्या मानाने बरंच सैल आहे. म्हणजे नुसते गुण बघितले तर त्या वस्तीत कोण राहतं ते कळतं, आणि शाळा काय शिकवते त्याचा अंदाज हवा असेल तर प्रगतीचा भाग बघावा लागतो. २०१९ मध्ये शिक्षणविषयक बातम्या देणाऱ्या चॉकबीटने ग्रेटस्कूल्सवर हीच टीका केली होती, की गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं जास्त असलेल्या शाळांना हे मानांकन खाली ढकलतं. संस्थेने २०२० मध्ये सूत्र बदलून प्रगतीला जास्त वजन दिलं. बदल चांगला आहे. तरीही एकच बेरीज केल्याने दोन अगदी वेगळ्या शाळा शेजारी शेजारी येऊन बसतातच.

समजा एका शाळेचा टेस्ट स्कोअर ९ आणि प्रगती ५ आहे. दुसरीचा टेस्ट स्कोअर ६ आणि प्रगती ९. घराच्या जाहिरातीत दोन्हींचे आकडे जवळपास सारखेच दिसायची शक्यता जास्त. पण पहिलीत मुलं घरून तयार होऊन येतात आणि शाळा त्यात साधारणच भर घालते. दुसरीत मुलं मागून येऊन पुढे जातात. घरात अभ्यासाची सवय असलेलं मूल पहिल्या शाळेतही नीट शिकेल, ते खरं. मात्र सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून, म्हणजे हद्दीवरून ठरते. दुसऱ्या शाळेच्या हद्दीत तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळत असेल, तर केवळ टेस्ट स्कोअरपायी ती सोडणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

म्हणून घराच्या साइटवर थांबू नका. शाळेच्या नावावर टिचकी मारून ग्रेटस्कूल्सच्या मूळ पानावर जा आणि तीन गोष्टी बघा. प्रगतीचा आकडा वेगळा किती आहे. तो ‘स्टुडंट प्रोग्रेस’ आहे की ‘अकॅडमिक प्रोग्रेस’. यातला दुसरा, राज्याकडून प्रत्येक मुलाच्या वाढीची माहिती मिळत नसेल तिथे अंदाजाने काढलेला असतो, त्यावर भार कमी टाका. आणि माहिती कोणत्या वर्षाची आहे. परीक्षा होऊन निकाल जाहीर होईपर्यंत आणि तिथून साइटवर चढेपर्यंत बराच काळ जातो, तेवढ्यात मुख्याध्यापक बदललेले असू शकतात, शाळेची हद्दसुद्धा बदललेली असू शकते. त्याच पानावर खाली कमी उत्पन्नाच्या मुलांचे आणि निरनिराळ्या गटांचे निकाल वेगळे दिलेले असतात. दहापैकी नऊ मिळवणाऱ्या शाळेत अडचणीतल्या मुलांचा निकाल खूप खाली असेल, तर मूल कुठे अडखळलं की शाळा हात देते का, हा प्रश्न तिथे जाऊन विचारायलाच हवा.

दोन राज्यांतले आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत. कंपनीने डॅलस आणि रॅली असे दोन पर्याय दिले की लोक टेक्ससमधला ८ आणि नॉर्थ कॅरोलायनातला ७ शेजारी ठेवतात. परीक्षा वेगळ्या, उत्तीर्णतेची रेघ वेगळी, आणि मानांकन त्या-त्या राज्यातल्या शाळांशीच तुलना करून काढलेलं. त्यामुळे या तुलनेला अर्थच उरत नाही. राज्य सरकारांची स्वतःची प्रगतिपुस्तकं असतात, ती जोडीला जरूर बघा, पण त्यांचंही सूत्र आधी वाचा. नॉर्थ कॅरोलायना शाळांना ए ते एफ श्रेणी देतं आणि त्यात ८० टक्के वजन गुणांना, फक्त २० टक्के प्रगतीला. म्हणजे वर सांगितलेला दोष तिथे सरकारी श्रेणीतच जास्त आहे.

आकडाच नसलेल्या शाळा लोक घाबरून टाळतात, ते चूक आहे. खासगी शाळांना बेरजेचं मानांकन मिळत नाही, कारण राज्याच्या परीक्षा त्यांना बंधनकारक नसतात. केजी ते दुसरीपर्यंतच्या शाळेत परीक्षेचे वर्गच नाहीत, तिथे आकडा कुठून येणार? आणि डॅलसजवळच्या फ्रिस्को, प्रॉस्परसारख्या वाढत्या भागांत नव्याने उघडलेल्या शाळेचा निकाल अजून जमा झालेला नसतो. अशा वेळी त्या मुलांना आधी जी शाळा होती तिचं पान बघावं.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. मानांकन बरोबर असतं, पण ती शाळा त्या घराला लागतच नाही. घराच्या साइटवर दिसणारी हद्द ही केवळ संदर्भापुरती असते, तसं तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पत्त्यातलं गाव आणि स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॅलसजवळच्या प्लेनो गावाचे काही भाग प्लेनो डिस्ट्रिक्टमध्ये नसून फ्रिस्को, लुइसव्हिल किंवा ॲलन डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. फ्रिस्को गावाचे काही भाग प्रॉस्पर, लिटल एल्म आणि लुइसव्हिलकडे जातात. कॅलिफोर्नियात तर फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टचा फ्रीमाँट शहराशी काही संबंध नाही. ते क्युपर्टिनो, सनीव्हेल आणि सॅन होजेच्या पश्चिम भागाचं आहे. तिथे आठवीपर्यंतचं डिस्ट्रिक्ट वेगळं आणि नववीपासूनचं वेगळं, म्हणून एकाच घरासाठी दोन ठिकाणी चौकशी करावी लागते.

हद्दीत घर असूनही जागा नसते, हा दुसरा फटका. रॅली, केरी आणि मॉरिसव्हिलच्या शाळा ज्या वेक काउंटीत येतात, तिथे भरलेल्या शाळांवर पटसंख्येची मर्यादा घालतात. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाचं मूल मग दूरच्या ‘ओव्हरफ्लो’ शाळेत जातं. त्याच काउंटीत काही शाळा बारमाही वेळापत्रकाच्या आहेत आणि त्यांत मुलं चार ‘ट्रॅक’मध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी सुट्टी असणाऱ्या गटांत, विभागलेली असतात. दोन भावंडं दोन वेगळ्या वेळापत्रकांच्या शाळांत गेली की सुट्ट्या जुळत नाहीत. यातलं ग्रेटस्कूल्सच्या आकड्यात काहीही दिसत नाही.

लीजवर सही करण्याआधीचा क्रम असा ठेवा. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून शाळा शोधायची सोय असते. तिथे नेमका घर क्रमांक टाका, रस्त्याचं नाव पुरत नाही, कारण हद्द कधी कधी रस्त्याच्या मधोमध जाते. प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल अशी तिन्ही नावं नोंदवून घ्या. चौथीतल्या मुलासाठी प्राथमिक शाळा पुढे बहुधा एकच वर्ष आहे, खरा विचार मिडल स्कूलचा करायचा. मग शाळेच्या रजिस्ट्रारला, म्हणजे प्रवेशाच्या नोंदी बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, ईमेल करा: या पत्त्यासाठी ऑगस्टमध्ये अमुक इयत्तेत जागा आहे का, शाळेवर पटसंख्येची मर्यादा आहे का, येत्या दोन वर्षांत हद्द बदलायचा प्रस्ताव आहे का. फोनवर गोड उत्तर मिळतं, ईमेलवर नेमकं मिळतं. घर दाखवणाऱ्या एजंटचं तोंडी आश्वासन यात धरू नका. आणि पहिल्या वर्षी भाड्यानेच राहा. शाळा आतून बघितल्याशिवाय घर विकत घेण्याची घाई मानांकन कितीही चांगलं असलं तरी करू नये.

हायस्कूलच्या बाबतीत उंच आकडा कधी कधी उलटा पडतो. टेक्ससमध्ये १९९७ पासून कायदा आहे, की आपल्या शाळेत वरच्या १० टक्क्यांत असलेल्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाची मर्यादा याहून कडक आहे, २०२६ च्या प्रवेशापासून वरचे ५ टक्के. क्रमांक लागतो तो शाळेच्या आत. दहाच्या शाळेत जीव तोडून अभ्यास करणारं मूल वरच्या पाच टक्क्यांच्या बाहेर राहू शकतं आणि सातच्या शाळेत तेच आत येऊ शकतं. मूल नववी-दहावीत असताना बदली होत असेल तर हे आधी तपासा, शिवाय भारतातल्या गुणांना क्रमांकासाठी कसं धरतात तेही विचारा. डिस्ट्रिक्टप्रमाणे नियम बदलतो.

पालकांचे अभिप्राय तारीख बघून वाचा, तीन वर्षांपूर्वीचे सोडून द्या. ‘निश’ (Niche) या शाळांना श्रेणी देणाऱ्या दुसऱ्या साइटवर ए प्लसपासून खाली श्रेणी मिळते. तिच्यात मुला-पालकांच्या सर्वेक्षणांचं वजन आहे, त्यामुळे वातावरणाचा थोडा अंदाज येतो, पण छोट्या शाळेत मोजक्या मतांवर श्रेणी हलते.

मराठी पालकांना ज्यात खरा रस असतो, ते गणित. मिडल स्कूलमध्ये मुलाला कोणत्या पायरीवर बसवतात यावर आठवीत अल्जेब्रा मिळणार की नाही आणि बारावीपर्यंत कॅल्क्युलस होणार की नाही, हे ठरतं. त्याचा आकडा कुठेच नाही. रजिस्ट्रारला विचारा: नवीन मुलाची गणिताची चाचणी कधी होते, आणि वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला वरच्या गटात घेतात का.

प्रवेशाच्या कागदांत घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा प्रश्न असतो. मराठी लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते. खोटं लिहू नका. इंग्रजी माध्यमाचं मूलही नव्या उच्चारांमुळे ऐकण्यात चुकू शकतं, म्हणून आधी थोडा सराव करून घ्या. मदतीचा तास नाकारायचा हक्क पालकांना आहे, मात्र दरवर्षीची चाचणी मूल उत्तीर्ण होईपर्यंत सुटत नाही.

उत्तम शाळा मिळूनही पहिल्या दिवशी मूल घरी राहतं ते बहुधा लसींमुळे. अमेरिकेतल्या शाळांना एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) हवी, आणि पहिल्या वाढदिवसानंतर दिलेलीच मोजली जाते. भारतातली नवव्या महिन्याची मात्रा त्यात धरत नाहीत. आपल्या सरकारी कार्यक्रमातल्या एमआर (गोवर-रुबेला) लसीत गालगुंडाची लस नसते आणि कांजिण्यांची लस त्या कार्यक्रमातच नाही, तेव्हा या दोन्हींच्या मात्रा निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून पूर्ण करून घ्या. बीसीजीमुळे क्षयरोगाच्या तपासणीतून सूट मिळत नाही. लसीकरणाच्या कार्डाची इंग्रजीत टाइप केलेली, सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि महिना अक्षरांत लिहायला सांगा. तिकडे ०५/०८ म्हणजे ८ मे वाचतात, आणि ५ ऑगस्टला वर्षाचं झालेलं मूल त्या तारखेला लस घेताना नऊच महिन्यांचं होतं असं धरून शाळेची नर्स ती मात्रा बाद करू शकते.